मूत्रपिंडाच्या तपासणीचा कागद

मालवणांत मेढ्यावर आमच्या एका जुन्या स्नेह्यांचें घर आहे. तीन भावांचें एकत्र कुटुंब, पुढें तुळशीवृंदावन, मागें माड, आणि रात्रीं निजानीज झाली कीं समुद्राची गाज थेट माजघरांत ऐकूं येते. गेल्या आषाढांत आम्ही तेथें चार दिवस राहावयास गेलों, तों घराची कळा पार उतरलेली. थोरले बंधु, ज्यांना घर आणि गांव दोन्ही दादा म्हणतात, अंथरुणावर होते, वय ७०. एक कागद ह्याच्या हातून त्याच्या हातीं फिरत होता. त्यावर 'क्रिएटिनिन २.१' असा अंक होता व अंकापुढें ठळक खूण होती. 'दादांचीं मूत्रपिंडें गेलीं' हा निकाल घरानें तोंवर देऊनहि टाकला होता.

रक्त घेणारा मुलगा घरीं आलाच आहे, तर म्हणून त्याच दिवशीं आणखी दोघांनीं रक्त दिलें होतें. एक मधल्या भावाचा पंचवीस वर्षांचा मुलगा. त्याला नव्या नोकरीकरितां वैद्यकीय दाखला हवा होता. दुसऱ्या काकू, म्हणजे दादांच्या पत्नी. वय ६६, आणि मधुमेह बारा वर्षांचा. ह्या दोघांच्याहि कागदावर क्रिएटिनिन १.२ होतें. प्रयोगशाळेनें छापलेल्या मर्यादेंत तें बसत असल्यामुळें खूण कोठेंच नव्हती. पुतण्यानें हंसत म्हटलें, "काकू, तुझा नि माझा अंक अगदीं एक." आणि ते दोन कागद देवघराच्या कोनाड्यांत गेले.

रोगांचीं नांवें आणि औषधें ह्यांची जंत्री आम्ही ह्या सदरांत सहसा देत नाहीं. परंतु असा कागद आज ना उद्यां प्रत्येक घरांत येतो, आणि तो कसा वाचावा हें ठाऊक नसल्यामुळें जें घडतें, तें ह्या घरीं आम्हीं डोळ्यांनीं पाहिलें. म्हणून हा विस्तार.

पाठीच्या कण्याच्या दोहों बाजूंस, खालच्या फांसळ्यांच्या आडोशाला, मुठीएवढीं हीं दोन इंद्रियें असतात. प्रत्येकांत सुमारें दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसाकाठीं त्या सुमारें १८० लिटर द्रव गाळतात, त्यांतील बहुतेक सर्व पुन्हां रक्तांत घेतला जातो, आणि उरलेला दीड-दोन लिटर तेवढा मूत्र म्हणून बाहेर पडतो. शिवाय रक्तांतील क्षारांचा तोल राखणें, रक्तदाब आवरणें, ड जीवनसत्त्व उपयोगी रूपास आणणें, नवें रक्त बनविण्याची सूचना देणें, हीं कामेंहि त्यांचींच. म्हणून हा विकार वाढला कीं माणूस फिकट दिसूं लागतो, जिना चढतांना त्याला धाप लागते, आणि घरचीं माणसें नुसत्या लोहाच्या गोळ्या देत बसतात. हीं इंद्रियें फार सोशीक. निम्मी शक्ति गेली तरी कुरकुर करीत नाहींत. पायांवर सूज, मळमळ, अंगाला खाज, तोंडाला वाईट चव हीं लक्षणें दिसूं लागतात तोंवर बहुधा पुष्कळ उशीर झालेला असतो. कंबर दुखते म्हणून मूत्रपिंडाची धास्ती घेणारे आम्हीं अनेक पाहिले. खड्याची गोष्ट निराळी, पण मूत्रपिंडाचा जुनाट विकार बहुधा दुखतच नाहीं.

आतां तो अंक. क्रिएटिनिन म्हणजे स्नायूंच्या नित्य व्यापारांतून निघणारी राख म्हणा. ती रोज निघते आणि मूत्रपिंडें ती रोज बाहेर टाकतात. चुलींत राख किती सांचली हें लांकूड किती जळलें ह्यावर अवलंबून असतें, तसेंच राख काढणारा किती चपळ आहे ह्यावरहि. कमावलेल्या अंगाच्या तरुणाची राख मुळांतच अधिक, साठी उलटलेल्या कृश बाईची थोडी. असें असतां दोघांच्या चुलींत ती सारखीच सांपडली, तर बाईकडचा राख काढणारा मंदावला आहे हें उघड आहे.

हा हिशेब डॉक्टरांनीं सूत्रांत बसविला आहे. क्रिएटिनिन, वय आणि स्त्री-पुरुषभेद हीं घालून गाळण्याचा अंदाजी वेग काढतात. कागदावर तो 'ई-जी-एफ्-आर्' ह्या अक्षरांखालीं असतो, आणि नसेल तर डॉक्टरांस विचारावा. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या सूत्रानें पुतण्याचा वेग सुमारें ८६ येतो आणि काकूंचा सुमारें ५०. मूत्र निर्दोष असेल तर ८६ विषयीं चिंतेचें कारण नाहीं. ६० च्या खालीं तो तीन महिन्यांहून अधिक काळ राहिला तर जुनाट विकार समजतात. ३० च्या खालीं गेल्यास मूत्रपिंडतज्ज्ञांकडे गेलेंच पाहिजे. १५ च्या खालचा प्रांत डायालिसिसच्या आणि रोपणाच्या विचाराचा. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेला मात्र काकू कोण आणि पुतण्या कोण हें ठाऊक नसतें.

मग दादांच्या २.१ चें काय? त्यांची हकीकत कोणी नीट विचारलीच नव्हती. लावणीच्या दिवसांत ते शेतावर अनवाणी फिरले होते. नंतर ताप, ओकाऱ्या. पेजसुद्धां पोटांत ठरेना. अंग मोडून आलें म्हणून चार दिवस वेदनाशामक गोळ्या चालू होत्या, आणि त्याहि दुकानांतून परस्पर आणलेल्या. शरीरांत पाणी कमी, वर ताप, आणि मूत्रपिंडांकडे जाणारें रक्त आंखडणाऱ्या त्या गोळ्या! अशा वेळीं अंक चढला नसता तरच नवल. कुडाळच्या डॉक्टरांनीं गोळ्या प्रथम बंद केल्या, शिरेंतून द्रव दिला, शेतावरची हकीकत ऐकून लेप्टोचें औषधहि सुरू केलें, आणि सोनोग्राफींत मूत्रपिंडांचा आकार पाहिला. जुन्या विकारांत तीं बहुधा आक्रसून लहान होतात (मधुमेहांत मात्र कित्येकदां तशींच राहतात). दादांचीं चांगलीं भरदार होतीं. आठव्या दिवशीं १.५ आणि महिन्याच्या अखेरीस १.१ असा अंक उतरला. २.१ हा खोटा नव्हता, पण तो त्या एका दिवसाचा होता.

कोंकणांत हें विशेष ध्यानांत ठेवलें पाहिजे. पावसाळ्यांत उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेलें पाणी पायांच्या भेगांवाटे लेप्टोचे जंतु आंत नेतें. घोणस किंवा फुरसें चावल्यानेंहि मूत्रपिंडें एकाएकीं बंद पडूं शकतात. तेथें मांत्रिकाकडे घालविलेला एकेक तास महाग पडतो, कारण प्रतिविष लवकर पोंचलें तर पुढचें बरेंच टळतें. अशा एकाएकीं आलेल्या आघातांत लघवी अगदीं थांबली, डायालिसिसची वेळ आली, तरी आशा सोडूं नये. कांहीं आठवडे यंत्रानें भार उचलला कीं मूत्रपिंडें पुष्कळदां पुन्हां कामाला लागतात. 'एकदां डायालिसिस लागलें म्हणजे जन्माचें लागलें' ह्या समजुतीनें होकार देण्यास उशीर झालेला आम्हांस ठाऊक आहे.

दादा तापांत असतांना दुसऱ्या रात्रीं आम्ही पाणी मागावयास स्वयंपाकघरांत गेलों. काकू विळीवर नारळ खवीत बसल्या होत्या. मान वर न करतांच त्यांनीं विचारलें, "भावजी, यांना माझें एक मूत्रपिंड द्यावयाचें झालें, तर माझा मधुमेह आड येईल का हो?" आम्हीं सांगितलें कीं मधुमेह्याचें मूत्रपिंड सहसा घेत नाहींत, आणि तेवढी वेळहि आलेली नाहीं. त्यांनीं नारळाची दुसरी वाटी घेतली. पण सकाळीं आम्हांस कळलें कीं ही गोष्ट ओटीवरच्या पुरुषमंडळींत आधींच बोलली गेली होती. 'वहिनी आहेतच,' असें कोणी म्हणाले होते, आणि त्यांत कोणास वावगें वाटलें नव्हतें. दोघे सख्खे भाऊ तेथेंच बसले होते.

आम्हांस तें वावगें वाटलें. आपल्या देशांत जिवंतपणीं मूत्रपिंड देणारांत बायका अधिक आणि घेणारांत पुरुष अधिक, ही गोष्ट रोपणाचें काम करणाऱ्या सर्व डॉक्टरांस माहीत आहे. पत्नी देते, आई देते. तें प्रेमानें देतात ह्यांत शंका नाहीं. पण जेथें दुसऱ्या कोणास विचारलेंच जात नाहीं, तेथें तें देणें कितपत मोकळ्या मनाचें म्हणावें?

दादांच्या मागें मागें डॉक्टरांनीं देवघरांतले ते दोन कागदहि मागविले. पुतण्याचा बाजूस ठेवला. काकूंचा दोनदां पाहिला आणि सकाळचें मूत्र तपासावयास सांगितलें. १८२७ सालीं लंडनच्या गाय्ज रुग्णालयांतील रिचर्ड ब्राइट ह्यांनीं ह्या विकाराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें, त्या काळीं पळींत मूत्र घेऊन मेणबत्तीवर तापवीत. अंड्याचा पांढरा बलक गोठतो तसें तें गोठलें तर गाळणी फाटून रक्तांतलें अल्ब्युमिन वाहून जात आहे असें समजे. आज तेंच काम यंत्र अधिक बारकाईनें करतें. मूत्रांतील अल्ब्युमिन व क्रिएटिनिन ह्यांचें प्रमाण ३० च्या आंत असावें. ३०० च्या वर तें पुष्कळ समजतात. काकूंचें ३४० निघालें. ही तपासणी स्वस्त आहे, सुई टोंचावी लागत नाहीं, आणि मधुमेह वा रक्तदाब असलेल्या प्रत्येकानें ती वर्षांतून एकदां करावी असा दंडक आहे. बारा वर्षांत ती काकूंची एकदांहि झाली नव्हती. साखर तेवढी अधूनमधून पाहत, तीहि आपला उपवासाचा दिवस टाळून.

एका तपासणीवर निर्णय करूं नये, हा नियम दादांइतकाच काकूंनाहि लागू. म्हणून कार्तिकांत पुन्हां पाहिलें: वेग ४९, प्रमाण ३१०. तेव्हां मात्र विकार ठरला. ज्याच्यासाठीं घर रडलें तो बरा होता, आणि त्याला पेज करून घालणारी आजारी होती.

अशा अवस्थेंत उपाय नाहीं असें नाहीं. उलट उपायांना खरा वाव येथेंच आहे. रक्तदाब व साखर आवरणें हें पहिलें. 'प्रिल' किंवा 'सार्टन' अशा शेवटाच्या नांवांचीं रक्तदाबाचीं औषधें गाळण्यांवरचा दाब उतरवून अल्ब्युमिनची गळती कमी करतात. तीं सुरू केल्यावर क्रिएटिनिन थोडें चढतें. तिसऱ्या हिश्श्याच्या आंतली चढ डॉक्टर धरूनच चालतात, पण ती पाहून घाबरून औषध परस्पर बंद करणारीं घरें पुष्कळ. पंधरवड्यांत रक्त पुन्हां दाखवावें, आणि ओकाऱ्या-जुलाब लागले तर तेवढे दिवस हीं औषधें थांबवावीं का हें डॉक्टरांस आधींच विचारून ठेवावें. दुसरें अलीकडचें साधन म्हणजे 'ग्लिफ्लोझिन' ह्या शेवटाचीं औषधें. १८३५ सालीं सफरचंदाच्या झाडाच्या सालींतून काढलेल्या एका कडू द्रव्याचीं तीं दूरचीं वंशज. मधुमेहासाठीं म्हणून निघालीं. पण २०२० नंतर प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चांचण्यांत मूत्रपिंडाचा ऱ्हास त्यांनीं मंदावतो असें दिसलें, मधुमेह नसलेल्या रुग्णांतहि. काकूंना दोन्ही दिलीं आहेत. गेलेल्या गाळण्या परत येत नाहींत. राहिलेल्या किती वर्षें टिकवावयाच्या, एवढाच प्रश्न असतो, आणि तीं वर्षें दहा-पंधराहि असूं शकतात.

स्वयंपाकघराविषयीं थोडें सविस्तर सांगतों, कारण घोटाळा तेथेंच फार. दिवसाचें एकंदर मीठ एक लहान चमचा, सुमारें ५ ग्रॅम. ह्यांत लोणचें, पापड, सांडगे, खारातली मिरची सर्व आलें. मासे खाणाऱ्या घरीं सुकटहि. सैंधव घेतलें म्हणून सूट मिळत नाहीं, तेंहि मीठच. बाजारांत कमी सोडियमचें म्हणून जें मीठ मिळतें त्यांत पोटॅशियम असतें, आणि मूत्रपिंडें अधू असतां तें रक्तांत सांचून हृदय बंद पाडूं शकतें. ह्याच कारणानें शहाळ्याविषयीं जपावें. आमच्या किनाऱ्यावर कोणीहि आजारी पडला कीं शेजारी शहाळीं घेऊन येतो. दादांच्या अंथरुणापाशींहि सहा होतीं. शहाळें निरोग्यास अमृत. पण ज्याचें पोटॅशियम चढलेलें आहे त्याला तें घातक. एकादशीच्या फराळाचीं रताळीं, बटाटे, केळीं ह्यांचीहि तीच गोष्ट. रक्तांतील पोटॅशियम ठीक असेल तोंवर हीं बंधनें नाहींत, म्हणून तो अंक पाहूनच पान वाढावें. आडवें कापलें असतां चांदणीसारखें दिसणारें तें आंबट फळ, ज्याला कोणी करमल व कोणी कमरख म्हणतात, तें मात्र मूत्रपिंडाच्या रुग्णानें मुळींच खाऊं नये. त्यानें उचकी लागून पुढें शुद्ध हरपते. उलट बाजूनें, डाळ-दूध सर्वस्वीं तोडून माणसाला वाळवूं नये. प्रमाण आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावें.

आणखी, कोणी भस्म वा काढा आणून देईल. देणाऱ्याचा हेतु चांगलाच असतो. पण कांहीं भस्मांत पारा व शिसें आढळलें आहे. आणि १९९३ सालीं बेल्जियममध्यें वजन उतरविण्याकरितां घेतलेल्या चिनी वनस्पतींत आपल्याकडच्या ईश्वरीच्या कुळांतील एक निघाल्यानें कित्येक बायकांचीं मूत्रपिंडें गेलीं, हें नमूद आहे. वनस्पतिजन्य म्हणजे निरुपद्रवी, हें समीकरण टिकत नाहीं. इतकें सर्व पाळूनहि कांहीं ठिकाणीं कारण हातीं लागत नाहीं. शेजारच्या गोव्यांत काणकोण तालुक्यांत मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या लोकांतहि हा विकार आढळला असून त्याचा उलगडा पुरता झालेला नाहीं.

पुढच्या टप्प्याविषयीं काकूंच्या घरीं आतांच बोलणें झालें, आणि तें आम्हांस योग्य वाटलें. डायालिसिस हा शब्द ऐकतांच आपल्याकडे माणूस गेल्यासारखे चेहरे होतात. १९४३ सालीं जर्मनव्याप्त हॉलंडमध्यें विलेम कोल्फ ह्यांनीं सॉसेज भरण्याच्या सेलोफेनच्या नळ्या लांकडी पिंपावर गुंडाळून पहिलें कामाचें यंत्र उभें केलें, तेव्हांपासून हें शास्त्र फार पुढें आलें आहे. १९७५ सालीं आणीबाणींत स्थानबद्ध असतांना जयप्रकाश नारायण ह्यांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं; सुटकेनंतर त्यांस मुंबईस जसलोक रुग्णालयांत आणलें. त्या अवस्थेंतच १९७७ ची निवडणूक त्यांनीं देशभर गाजविली, आणि १९७९ च्या ऑक्टोबरापर्यंत ते डायालिसिसवर होते. ती पन्नास वर्षांपूर्वींची गोष्ट.

यंत्रावरचें डायालिसिस बहुधा आठवड्यांतून तीन वेळां, प्रत्येक खेपेस सुमारें चार तास. त्याकरितां हाताची शीर व रोहिणी जोडून ठेवावी लागते, आणि ती जोड तयार होण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून वेग उतरत चालला कीं डाव्या हाताच्या शिरा जपाव्या, रक्त उजव्या हातांतून द्यावें, डावखुऱ्यानें उलट. मालवणाहून ओरसच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत रोजचा रस्ता ठीक आहे, परंतु आषाढांतल्या झडींत आठवड्यांतून तीन खेपा म्हणजे घरांतला एक माणूस त्याच कामाला लागला. अशा घरांनीं पोटांतून घरींच करावयाच्या डायालिसिसची चौकशी जरूर करावी. नळीवाटे द्रव पोटांत सोडून कांहीं तासांनीं काढावयाचा, असें दिवसांतून तीन-चार वेळां. हात स्वच्छ ठेवण्याची शिस्त कडक, पण सोंवळ्याची संवय असलेल्या घरांस ती जड जाऊं नये. केंद्र सरकारची डायालिसिसची योजना २०१६ पासून आहे, राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेंतहि डायालिसिस येतें. शिधापत्रिका घेऊन रुग्णालयांतच विचारावें.

रोपण हा योग्य रुग्णास सर्वांत चांगला उपाय. १९५४ सालीं बोस्टनमध्यें जुळ्या भावांत तें प्रथम यशस्वी झालें, आमच्या देशांत वेल्लोर येथें १९७१ सालीं. नवें मूत्रपिंड ओटीपोटांत बसवितात, जुनीं बहुधा तशींच राहतात, आणि औषधें जन्मभर. १९९४ चा कायदा एकत्र कुटुंबांनीं नीट समजून घ्यावा: पति-पत्नी, आईबाप, मुलें, भाऊबहिणी, आणि २०११ च्या दुरुस्तीनंतर आजीआजोबा व नातवंडें एवढेच निकटचे नातलग. दीर, भावजय, पुतण्या हे एका चुलीवर जेवत असले तरी कायद्याच्या दृष्टीनें बाहेरचे; त्यांना समितीची परवानगी लागते. एकमेकांशीं न जुळणाऱ्या दोन घरांनीं दाते बदलून घेण्याची सोयहि त्याच दुरुस्तीनें झाली. मृत्यूनंतर मिळणाऱ्या मूत्रपिंडाकरितां नांव आधींच नोंदवावें लागतें. दात्याला डॉक्टर एकांतांत विचारतात, आणि त्यानें नको म्हटलें तर घरांत वैद्यकीय कारणच सांगितलें जावें, अशी चाल चांगल्या ठिकाणीं आहे. आणि ऐंशी उलटलेल्या, आधींच अनेक दुखण्यांनीं वेढलेल्या माणसानें यंत्र नको म्हणून वेदना, खाज, धाप ह्यांपुरतेच उपचार मागितले, तर तोहि वैद्यकानें मानलेला मार्ग आहे. त्याला हट्ट म्हणूं नये.

कार्तिकांतल्या त्या बैठकींत काकू प्रथमच पुरुषमंडळींबरोबर ओटीवर बसल्या होत्या. पुढेंमागें वेळ आलीच तर कोणाचें मूत्रपिंड, हा विषय पुतण्यानें काढला. काकू म्हणाल्या, "तुझें नको. तुझें आयुष्य जावयाचें आहे." त्यांना दोन भाऊ आहेत, एक कणकवलीस आणि एक बेळगांवास, त्यांस पत्र गेलें आहे. दादांनीं वेदनाशामक गोळ्यांचा डबा स्वतः रिकामा केला. कोशिंबिरींत मीठ हल्लीं ज्याचें त्यानें पानांत घ्यावयाचें असतें, आणि धाकट्या सुनेची त्यावर अजून कुरकुर चालू आहे. काकूंची पुढची तपासणी फाल्गुनांत. रक्ताबरोबर मूत्र द्यावयाचें, हें दादांनीं ओटीवरच्या दिनदर्शिकेंत आपल्या हातानें लिहून ठेवलें आहे.